हेड कोच निवडताना बंद खोलीत काय चालतं?

एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची मुलगी अमेरिकेत एका मोठ्या सरकारी विद्यापीठात शिकते. हंगाम अर्धा झाला असताना तिथल्या फुटबॉल संघाच्या हेड कोचला काढलं. आता त्याला घरी बसण्याचे कोट्यवधी डॉलर मिळणार आहेत आणि अख्खं गाव नव्या कोचच्या गप्पांत बुडालंय. हा माणूस निवडतं कोण, नीट निवडायचा तर कसा निवडावा, आणि हे पैसे आमच्या फीमधून जातात का?

मी मूळचा कोल्हापूरचा. मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठाच्या ॲथलेटिक विभागात वीस वर्षं हिशेब आणि करार सांभाळले, आता निवृत्त आहे. त्या काळात हेड कोचच्या चार शोधांच्या वेळी मी खोलीत होतो. मत द्यायचा अधिकार मला नव्हता, पण आकडा झेपतोय का आणि कागदात नक्की काय लिहिलंय, हे विचारायला सगळे माझ्याकडेच वळायचे. चारांपैकी एक निवड उत्तम निघाली, दोन बऱ्या. चौथीचे हप्ते मी निवृत्त होईपर्यंत फेडत होतो.

ज्यांना तिथला प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो की कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार हे तालमींचे संघ खेळतात तो फुटबॉल हा नव्हे. हा हेल्मेट-पॅडवाला, लंबगोल चेंडूचा. वेड मात्र पेठांमधलंच, फक्त आकडे मोठे. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमची क्षमता 1,07,601 आहे, म्हणजे वानखेडेच्या तिपटीहून जास्त. आणि ही गर्दी कॉलेजच्या पोरांचा खेळ बघायला येते. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत सगळ्यात जास्त पगाराचा सरकारी नोकर हा फुटबॉलचा नाहीतर बास्केटबॉलचा कोच असतो, गव्हर्नरचा पगार त्याच्या आसपासही नसतो.

निवडतं कोण? कागदावर ॲथलेटिक डायरेक्टर, तिथल्या बोलीत ए.डी. त्याच्या वर विद्यापीठाचे अध्यक्ष, त्यांच्या वर विश्वस्त मंडळ. आणि कुठल्याही कागदावर नसलेले पाच-सात मोठे देणगीदार, ज्यांना तिथे बूस्टर म्हणतात. जुन्या कोचला काढायचे पैसे बऱ्याचदा त्यांच्याच खिशातून येतात, त्यामुळे नवा कोण असावा यावर आपला हक्क आहे असं त्यांना वाटतं. माझ्या चार शोधांपैकी दोन वेळा ए.डी.चा फोन मुलाखतीच्या मधेच वाजला आणि तो उठून बाहेर गेला. परत आल्यावर यादीतलं एक नाव कमी झालेलं असायचं.

आपल्याकडे क्रीडा संघटनांत पुढारी घुसतात म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी लुइझियाना बघावं. लुइझियाना स्टेट या तिथल्या सरकारी विद्यापीठाने 2025 च्या ऑक्टोबरात हेड कोच ब्रायन केलीला काढलं. द्यायची रक्कम साधारण 5.4 कोटी डॉलर. राज्याचे गव्हर्नर जेफ लँड्री यांनी उघडपणे सांगून टाकलं की पुढचा कोच ए.डी. स्कॉट वुडवर्ड निवडणार नाहीत. एक-दोन दिवसांत वुडवर्डच गेले. केलीला दहा वर्षांचा करार देणारे तेच होते. त्याआधी 2017 मध्ये टेक्सास ए अँड एम या विद्यापीठात असताना तिथला कोच जिम्बो फिशरला दहा वर्षांचे 7.5 कोटी डॉलर कबूल करणारेही तेच. गव्हर्नरने जे केलं ते मला पटत नाही, पण चिडायला त्याला कारण होतं हे नाकारता येत नाही.

आता कसा निवडावा. लोक ‘सगळ्यात चांगला कोच कोण’ इथून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. स्थळं बघायला निघण्याआधी आपलं घर कसं आहे हे आईबापांना माहीत असावं लागतं. एकत्र कुटुंब आहे की दोन खोल्यांचा फ्लॅट, सासूबाईंचा स्वभाव कसा, कर्ज किती. ते न बघता नुसता पगाराचा आकडा बघून मुलगी आणली की सहा महिन्यांत कुरबुरी सुरू होतात. विद्यापीठाचंही तसंच. आपल्या राज्यात शाळकरी खेळाडू किती तयार होतात? आपल्या प्रवेशाच्या अटी किती कडक आहेत? गेल्या तीस वर्षांत आपण जिंकलो ते कशाच्या जोरावर? ही उत्तरं ए.डी.कडे कोचला काढायच्या आधी तयार हवीत.

नेब्रास्काची गोष्ट मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगायचो. नेब्रास्का म्हणजे शेतीवाडीचं, कमी वस्तीचं राज्य. तिथे मोठे खेळाडू फारसे निपजत नाहीत. टॉम ऑस्बर्न या कोचने त्यावर तोड काढली होती. चेंडू फेकण्याऐवजी घेऊन धावायचं, ऑप्शन नावाची पद्धत, आणि समोर गावाकडची धिप्पाड, वर्षानुवर्षं वजनं उचलून घडवलेली पोरं. नव्वदच्या दशकात त्यांनी तीन राष्ट्रीय अजिंक्यपदं मिळवली. ऑस्बर्ननंतर त्यांचाच सहायक फ्रँक सोलिच आला. त्याने सहा हंगामांत 58 सामने जिंकले, 19 हरले. 2003 मध्ये नऊ जिंकून तीन हरल्यावर त्याला काढलं, कारण नऊ विजय कमी वाटू लागले होते. मग आणला बिल कॅलहान, व्यावसायिक लीगमधल्या ओकलंड रेडर्सचा कोच. त्याची पद्धत सगळी पासिंगची, म्हणजे चेंडू फेकण्याची. हाताशी होती ऑप्शनसाठी घडवलेली पोरं. 2004 मध्ये पाच विजय, सहा पराभव. 1961 नंतरचा पहिला तोट्याचा हंगाम. कॅलहान वाईट कोच नव्हता, पुढे व्यावसायिक लीगमध्ये आक्रमक फळी घडवणारा म्हणून त्याने नाव काढलं. त्या गावाला तो नको होता, एवढंच.

त्यानंतर आलेला बो पेलिनी दरवर्षी नऊ-दहा सामने जिंकायचा. 2014 मध्ये त्यालाही नऊ विजयांवर काढलं. आज नेब्रास्काचा प्रेक्षक नऊ विजय मिळाले तर पेढे वाटेल.

नुसती ‘आपला माणूस’ म्हणून केलेली निवडही चालत नाही, हे त्यांनीच पुढे दाखवलं. स्कॉट फ्रॉस्ट नेब्रास्कातच वाढलेला, 1997 च्या अजिंक्य संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे मैदानावर डाव चालवणारा खेळाडू, आणि 2017 मध्ये सेंट्रल फ्लोरिडाला 13-0 असा निर्विवाद हंगाम देऊन आलेला. मलाही वाटलं होतं, याहून चांगली निवड होऊच शकत नाही. त्याचा तिथला हिशेब निघाला 16 विजय, 31 पराभव.

आणि दैवाचा भागही असतोच. निक सेबनने अलाबामाला सहा राष्ट्रीय अजिंक्यपदं दिली, त्यामुळे ती निवड आता दूरदृष्टीची वाटते. पण 2006 च्या डिसेंबरात अलाबामाने आधी विचारलं होतं वेस्ट व्हर्जिनियाच्या रिच रॉड्रिगेझला. तो नाही म्हणाला म्हणून सेबनचा पिच्छा पुरवला. वर्षभराने रॉड्रिगेझ मिशिगनला गेला. वेस्ट व्हर्जिनियात त्याने चपळ पोरांचा वेगवान खेळ बसवला होता, मिशिगनकडे होती संथ, भारदस्त फळी. पहिल्याच हंगामात तीन विजय, नऊ पराभव. माणूस तोच, वर्षभरापूर्वी देश ज्याच्या मागे लागला होता तो.

मग कोचमध्ये बघायचं काय? सगळे बघतात ती जय-पराजयाची संख्या सगळ्यात कमी बोलते. मी तीन गोष्टी विचारायला शिकलो. आधीच्या कोचने आणलेली पोरं शिकून बाहेर पडल्यावर, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या वर्षी, त्याचा संघ कसा खेळला? जिथे पैसा आणि नाव नव्हतं तिथे त्याने काय केलं? आणि त्याचे सहायक सोडून कुठे गेले? ही तिसरी गोष्ट फार कमी लोक तपासतात. सहायक वरच्या पदावर गेले असतील तर माणूस घडवणारा आहे. त्याच पगारावर, त्याच पदावर दुसरीकडे गेले असतील तर त्याच्या हाताखाली टिकणं अवघड आहे, हे समजून जावं.

या कसोटीवर कर्ट सिग्नेटी कुणालाही दिसायला हवा होता, पण दिसला फक्त इंडियानाला. हा सेबनकडे अलाबामात सहायक होता. 2011 मध्ये ते सोडून तो खालच्या पातळीवरच्या एका छोट्या विद्यापीठात हेड कोच व्हायला गेला. त्या विद्यापीठाचं नाव इंडियाना युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्व्हेनिया, त्याचा इंडियाना राज्याशी काही संबंध नाही. त्याचे वडीलही पूर्वी तिथेच कोच होते. मग एलॉन, मग जेम्स मॅडिसन. प्रत्येक ठिकाणी जिंकला. 2023 च्या अखेरीस इंडियानाने बोलावलं तेव्हा त्याचं वय 62. इंडियाना त्या वर्षी तीन सामने जिंकलं होतं आणि मोठ्या विद्यापीठांत इतिहासातले सर्वाधिक पराभव त्यांच्याच नावावर होते. त्याने जेम्स मॅडिसनची भरवशाची पोरं आणि आपले सहायक सोबत आणले. पहिल्या हंगामात 11 विजय आणि प्लेऑफ, म्हणजे राष्ट्रीय अजिंक्यपदाची बाद फेरी. दुसऱ्यात एकही सामना न हरता राष्ट्रीय अजिंक्यपद.

आपल्याकडचं उदाहरण हवं तर चंद्रकांत पंडित. मुंबईला रणजी जिंकून देणं वेगळं, मुंबईकडे खेळाडूंचा साठाच असतो. त्याने विदर्भाला 2017-18 मध्ये पहिल्यांदा करंडक मिळवून दिला, पुढच्या वर्षी पुन्हा, आणि 2021-22 मध्ये मध्य प्रदेशला घेऊन अंतिम सामन्यात मुंबईलाच हरवलं. कमी सामग्रीवर एकाहून जास्त ठिकाणी जिंकलेला माणूस दिसला की मी बाकीचा बायोडाटा वाचत नाही.

वाचत नाही म्हणालो, पण तपासतो. 2001 मध्ये नोत्र दामने जॉर्ज ओलिअरी यांना नेमलं आणि पाचव्या दिवशी त्यांना राजीनामा द्यावा लागला, कारण बायोडाटातली मास्टर्सची पदवी आणि कॉलेजात खेळल्याची नोंद दोन्ही खोटी निघाली. वीसेक वर्षं जुनं खोटं, कुणी पडताळलंच नव्हतं. पदवीसाठी एक फोन पुरतो.

मुलाखती कॅम्पसवर होत नाहीत. होतात विमानतळाजवळच्या हॉटेलात, भाड्याच्या बैठकीच्या खोलीत, आणि खोली भलत्याच कंपनीच्या नावावर. चाहते खासगी विमानांचे मार्ग इंटरनेटवर बघत बसतात, त्यामुळे आम्ही एकदा सहा तास मोटारीने गेलो होतो. त्या दिवशी दोन उमेदवार होते. पहिला नावाजलेला, टीव्हीवर दिसणारा, बरोबर जाडजूड बाइंडर, रंगीत आलेख, पहिल्या शंभर दिवसांचं वेळापत्रक. ए.डी.ने विचारलं, तुमची सगळ्यात चुकलेली नेमणूक कोणती? तो हसला आणि म्हणाला, तशी एकही आठवत नाही. दुसऱ्याकडे आमच्या संघाच्या यादीची छापील प्रत होती, तीही दुमडलेली. पेन्सिलीने काही नावांपुढे टिंब, काहींपुढे प्रश्नचिन्ह. आमच्या राखीव खेळाडूंच्या चित्रफितीसुद्धा त्याने पाहिल्या होत्या. त्याने ए.डी.ला फारसं काही विचारलं नाही. माझ्याकडे वळून म्हणाला, सहायकांच्या पगारासाठी एकूण रक्कम किती आहे, आणि ती वाढवायची झाली तर कुणाची सही लागते? वीस वर्षांत हा प्रश्न मला एकाच उमेदवाराने विचारला.

आम्ही बाइंडरवाल्याला घेतलं. ज्याचे हप्ते फेडत बसलो तो हाच.

आज तो पेन्सिलवाला प्रश्न तर आणखी महत्त्वाचा झालाय. जुलै 2021 पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर, जाहिरातींतून कमावता येतं. ट्रान्स्फर पोर्टल या विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीमुळे पोरगा दरवर्षी विद्यापीठ बदलू शकतो. आणि जून 2025 मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठं थेट खेळाडूंना पैसे देऊ लागली आहेत. पहिल्या वर्षाची मर्यादा सगळ्या खेळांना मिळून साधारण 2.05 कोटी डॉलर, त्यातला मोठा वाटा फुटबॉलला. म्हणजे कोचला आता खेळ शिकवण्याइतकंच, कुठल्या जागेवर किती खर्च करायचा हे कळलं पाहिजे. सतरा वर्षांच्या पोराच्या आईसमोर सोफ्यावर बसून तिचा विश्वास मिळवणं ही पूर्वीची मोठी कला होती. ती अजून लागते, पण आता शेजारी पोराचा एजंट बसलेला असतो.

एजंट कोचचेही असतात, आणि तिथेच खरा खेळ होतो. जिमी सेक्स्टन हे त्यातलं सगळ्यात मोठं नाव. बडे कोच बहुतांशी त्याच्याकडे. एका विद्यापीठात जागा रिकामी झाली की त्याच्या चार कोचांची नावं वर्तमानपत्रात येतात आणि त्यातल्या तिघांना आहे तिथेच पगारवाढ मिळते. शोध घेणाऱ्या सल्लागार कंपन्याही नेमतात. त्या नावं सुचवतात असं लोकांना वाटतं. माझ्या मते त्यांचा खरा उपयोग एवढाच की ए.डी.ला ‘मी कुणाशी बोललो नाही’ असं तोंडावर म्हणता येतं.

घाई किती असते त्याची कल्पना यावी म्हणून सांगतो. सेबनने 10 जानेवारी 2024 ला निवृत्ती जाहीर केली. 12 तारखेला अलाबामाने केलन डीबोरला नेमलंही होतं. हा डीबोर चारच दिवसांपूर्वी वॉशिंग्टन विद्यापीठाचा कोच म्हणून राष्ट्रीय अंतिम सामना हरला होता. दोन दिवसांत शोध होत नाही. यादी खणात पडून होती, म्हणून जमलं. शहाणा ए.डी. कोच जिंकत असतानाही ती यादी दर तीन महिन्यांनी नवी करतो. ज्याच्याकडे ती नसते तो एजंटला फोन करतो, आणि मग भाव एजंट ठरवतो.

बाहेरचाच हवा असंही नाही. 2025 च्या नोव्हेंबरअखेर लेन किफिन हा कोच ओले मिसला, म्हणजे मिसिसिपी विद्यापीठाला, 11-1 वर, प्लेऑफच्या तोंडावर सोडून लुइझियाना स्टेटला गेला. ओले मिसने त्याला प्लेऑफपुरतंही थांबू दिलं नाही, बचावाचा कोच पीट गोल्डिंगला बढती दिली. तो संघ जॉर्जियाला हरवून उपांत्य फेरीपर्यंत गेला. क्लेमसनने 2008 मध्ये हंगामाच्या मध्यात डाबो स्विनीला हंगामी नेमलं होतं, तो तेव्हा रिसीव्हर्सचा, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणाऱ्या खेळाडूंचा कोच होता. पुढे त्याने 2016 आणि 2018 च्या हंगामांत राष्ट्रीय अजिंक्यपद आणलं.

आता ताईंचा खरा प्रश्न, पैसा.

करारात सगळ्यात आधी मी ‘काढल्यास काय’ हे पान उघडायचो. फिशरला टेक्सास ए अँड एमने 2021 मध्ये आणखी मोठा, 2031 पर्यंतचा, पूर्ण हमीचा करार दिला. 2023 च्या नोव्हेंबरात काढलं तेव्हा देणं निघालं 7.6 कोटी डॉलरहून जास्त. त्यातले 1.92 कोटी साठ दिवसांत, मग 2031 पर्यंत दरवर्षी 72 लाख. त्याने दुसरी नोकरी धरली तरी त्यातून काही वळतं होणार नाही, असं कलमात लिहिलेलं. हिशेबनीस म्हणून सांगतो, पगाराच्या आकड्यापेक्षा हे वळतं करून घेण्याचं कलम जास्त मोलाचं असतं, आणि रात्री अकराला एजंट फोनवर असताना सगळ्यात आधी तेच सोडून दिलं जातं.

उलटाही प्रकार होतो. फ्रॉस्टची भरपाई 1 ऑक्टोबर 2022 ला 1.5 कोटी डॉलरवरून 75 लाखांवर येणार होती. नेब्रास्काने त्याला 11 सप्टेंबरला काढलं. तीन आठवड्यांसाठी 75 लाख डॉलर! माझा जीव तुटला ते वाचून. पण ए.डी.च्या जागी असतो तर मीही काढलंच असतं. त्या तीन आठवड्यांत शोधाची सुरुवात मागे पडते, पुढच्या वर्षी येणारी पोरं फुटतात, आणि स्टेडियम रिकामं राहिलं तर नुकसान त्याहून वर जातं.

फीचं म्हणाल तर मोठ्या परिषदांतल्या (आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाला तिथे परिषद म्हणतात) विद्यापीठांत हा पैसा मुख्यतः टीव्ही करार, तिकिटं आणि देणग्यांतून येतो. बिग टेन परिषदेचा 2023 पासूनचा सात वर्षांचा टीव्ही करारच सात अब्ज डॉलरहून मोठा आहे. तुमच्या मुलीच्या विद्यापीठात कोचची भरपाई बहुधा देणगीदारच उचलतील. लहान विद्यापीठांत मात्र विद्यार्थ्यांच्या फीवर ॲथलेटिक विभाग चालतो, आणि तिथे चुकलेली नेमणूक सगळ्यांनाच भोवते. फीच्या पावतीवर ‘ॲथलेटिक फी’ अशी वेगळी ओळ आहे का, ते बघा. असेल तर रक्कम तिथेच दिसेल.

विद्यापीठ सरकारी असल्याने नव्या कोचचा करार सार्वजनिक कागद असतो, मागितला की मिळतो, आणि मोठ्या विद्यापीठांचे तर वर्तमानपत्रंच छापतात. मुलीला म्हणावं, नव्या कोचच्या पहिल्या दिवसाच्या भाषणावर जाऊ नकोस, ते सगळ्यांचं सारखंच असतं. पुढच्या दोन आठवड्यांत त्याच्या जुन्या सहायकांपैकी किती जण त्याच्यामागून आले ते मोज. आणि करार हाती आला की शेवटून सुरुवात कर.